कागदावरची मालकीण

आमच्या सक्करदऱ्यातल्या गल्लीत तीन धंदे आहेत आणि तिन्हींच्या मालकिणी बायाच आहेत. पिठाची चक्की अंजनाबाईंच्या नावावर, मंडप डेकोरेशन सत्यवतीच्या नावावर आणि शेवटच्या घरातली ‘रसपारख’ नावाची कंपनी सोनिका गजभियेच्या नावावर. यात स्त्रियांच्या प्रगतीचं वगैरे काही नाही. बाईच्या नावावर धंदा काढला की सबसिडी जास्त मिळते, एवढंच. नवरा कागद आणतो, कुठे सही करायची ते बोट ठेवून दाखवतो, बाई ओला हात ओढणीला पुसून सही करते आणि पोळी करपायच्या आत ओट्याशी परत जाते. अंजनाबाईंना एकदा बँकेतून ‘प्रोप्रायटर मॅडम आहेत का’ असा फोन आला, तर त्यांनी राँग नंबर म्हणून ठेवून दिला.

हे बँकेला माहीत आहे, सरकारला माहीत आहे, गल्लीतल्या कुत्र्यालाही माहीत आहे. माहीत नव्हतं ते फक्त हॉलंडच्या लोकांना. त्यांनी कागद वाचला आणि त्यांना तो खरा वाटला.

मी त्या गल्लीतच राहते. तीस-बत्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, आता निवृत्त आहे. लोक मला घाटोळे मॅडम म्हणतात आणि माझ्या तोंडाला घाबरतात, ते बरंच आहे. दिवाळी होऊन गेल्यावर एका संध्याकाळी सोनिकाचा नवरा प्रेमानंद माझ्या दारात आला. चेहरा असा, की मला वाटलं कोणी गेलं.

“मॅडम, रॉटरडॅमवाल्यांचा मेल आला.”

“नाही म्हणाले?”

“हो म्हणाले. म्हणजे, इंटरव्ह्यूले बोलावलं. पण मले नाही. सोनिकाले.”

मी हसले. तो हसला नाही. मग मला कळलं की हसण्यासारखं काही नाही.

प्रेमानंदचं आधी सांगते. पोरगा हुशार. इंजिनिअर झाला, हिंगण्याच्या एका कारखान्यात चांगली नोकरी होती, ती सोडली आणि घराच्या मागच्या खोलीत मशीन बनवत बसला. संत्रं वरून पिवळं धमक दिसतं आणि सोललं की आत फोपसं, कोरडं निघतं. ते न सोलता ओळखायचं, असं त्याचं मशीन. संत्रं पट्ट्यावरून जातं, खालून त्याचं वजन होतं, बाजूनं त्याच्यातून उजेड जातो आणि फोपसं असेल तर ते वेगळ्या खोक्यात पडतं. इथल्या व्यापाऱ्यांनी कौतुक केलं, चहा पाजला आणि विकत घेतलं नाही. मग त्याच्या डोक्यात परदेश शिरला. रॉटरडॅमच्या बंदरात जगभरची फळं उतरतात. त्या देशात नवा धंदा घेऊन येणाऱ्याला एक वर्ष राहायची परवानगी मिळते, बायकोमुलांसकट; मात्र तिथल्या एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेनं ‘आम्ही याला मार्गदर्शन करू’ असं म्हटलं पाहिजे. प्रेमानंदनं अशा कितीतरी संस्थांना लिहिलं. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. एकीनं दिलं, आणि ते सोनिकाला दिलं, कारण कंपनी तिची.

“मग कंपनी तुझ्या नावावर करून घे,” मी म्हणाले.

“एजंटले विचारलं. तो म्हणते, आता बदललं तर त्यांना शक येईन. अन् मालक नुसता नावाचा हाय असं दिसलं तर फसवणूक समजतील. एकदा तसा शेरा पडला की मग कोणत्याच देशाचं दार उघडत नाही म्हणते.” त्यानं माझ्या पुढ्यात हात जोडले. “सोनिकाले इंग्रजी येते, पण बोलत नाही. तुम्ही तयारी करून द्या जी. माह्या हाती हे एकच राहिलं आता.”

हे खरं होतं. पुन्हा नोकरी धरण्याचं त्याचं वय जात चाललं होतं, आणि चार वर्षं ‘आज ना उद्या’ म्हणत त्यानं घरात कोणाच्या डोळ्याला डोळा भिडवला नव्हता. मी हो म्हटलं.

आता सोनिका. कळमेश्वरची मुलगी. तिचे वडील तिथल्या एमआयडीसीत एका खाद्यपदार्थांच्या कारखान्यात कँटीनमध्ये भांडी घासायचे. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा ‘पोरं शिकवीन’ असं म्हटलं होतं म्हणे. ते मुलाच्या वाट्याला आलं नाही, नातीच्या आलं. सोनिका बी.एस्सी. झाली आणि त्याच कारखान्याच्या लॅबमध्ये लागली. पहिल्या दिवशी ती पांढरा कोट घालून कँटीनमध्ये गेली, तर वडील ट्रे खाली ठेवून उभेच राहिले, असं तिनंच एकदा सांगितलं. एरवी ती काही सांगत नाही. बारीक अंगाची, झपाझप चालणारी, सकाळी चौकातून कंपनीची बस पकडणारी बाई. संध्याकाळी भाजीची पिशवी घेऊन उतरते. प्रेमानंद मशीन बनवत होता त्या चारही वर्षांत घर तिच्या पगारावर चाललं, आणि तेही ती कधी बोलली नाही.

पण अबोल म्हणजे गरीब गाय, असं समजू नका. कारखान्यात एकदा टोमॅटोच्या गराचा टँकर आला. तिच्या तपासणीत तो नापास झाला. मॅनेजर स्वतः लॅबमध्ये आला, ‘मॅडम, एवढ्यातेवढ्यानं काय होते, पास लिहा’ म्हणाला. ती म्हणाली, “तुम्ही लिहा, मी पेन देतो.” आमच्याकडच्या बाया असंच बोलतात, देतो, करतो. मॅनेजरनं पेन घेतलं नाही. टँकर परत गेला. आणि अशा बाईकडून प्रेमानंदला खोटं पाठ करून घ्यायचं होतं!

खोटं हा शब्द मी वापरला की तो चिडायचा. “खोटं कुठं हाये मॅडम? कागदावर तेच मालक हाय. सही तिचीच हाय.”

रोज संध्याकाळी दोघं माझ्याकडे यायची. मुलगी संघमित्रा, आम्ही तिला मित्रा म्हणतो, माझ्या टीव्हीसमोर बसायची. प्रेमानंदनं प्रश्न काढले होते, उत्तरंही लिहिली होती. ही कल्पना तुम्हाला कशी सुचली? मी कळमन्याच्या बाजारात गेले असताना सुचली. मशीनची रचना कोणी केली? मी केली, माझ्या पतीनं मदत केली. सोनिका ही उत्तरं घडाघडा म्हणायची, पाढे म्हणावेत तशी. एक शब्द चुकायचा नाही आणि एक शब्द खरा वाटायचा नाही.

“अगं, आवाजात काही जीव आण!” मी ओरडायची. “मशीन तू बनवलंस ना? मग ते काय रेशनचं दुकान आहे का असं सांगायला?”

“मी नाही बनवलं, मॅडम,” ती शांतपणे म्हणायची.

प्रेमानंद डोकं धरायचा. “तेच बोलू नको नं वं! तेच सोडून सगळं बोल.”

त्या दिवसांत दोघांच्या घरातून भांडणाचा आवाज येत नव्हता, आणि तेच मला जास्त भीतीचं वाटायचं. भांडी जोरात ठेवल्याचं ऐकू यायचं. सोनिकाचं वजन उतरलं. एकदा प्रेमानंद बाहेर फोनवर असताना तिनं मला हळूच विचारलं, “मॅडम, पकडलो गेलो तर मित्रालेही कधी जाता येणार नाही का?” मी म्हटलं, पकडले जायचं नाही. असलं उत्तर द्यायला मास्तरीण कशाला हवी!

मुलाखतीत मशीन चालवून दाखवायचं होतं, आणि सोनिकानं त्याला कधी हात लावला नव्हता. लावू दिलाच नव्हता. मशीन तेव्हा कळमन्यात रुपरावजींच्या गाळ्यावर ठेवलेलं. रुपरावजी म्हणजे संत्र्याचे अडते, शेतकऱ्याचा माल विकून देणारे. प्रेमानंदवर त्यांचा जीव होता आणि मशीनवर अजिबात नव्हता. सोनिकानं सुटी टाकली आणि सकाळीच आम्ही तिघं तिथं गेलो. दिवाळीच्या सुमाराला येणारा आंबिया बहाराचा माल शेवटाला आला होता. संत्र्यांचे ढीग, बोली लावणाऱ्यांचा कल्ला, पायाखाली चिरडलेल्या सालींचा वास.

“आज मालकीणबाई आल्या का?” रुपरावजी म्हणाले. “या, या. तुमचं मशीन पाहून घ्या एकदा.” ते थट्टेनं बोलले, पण प्रेमानंदचा चेहरा पडला.

सोनिकानं बटण दाबलं. पट्टा सुरू झाला. संत्री एकामागे एक जाऊ लागली. तिनं नीट पाहिलं, एक संत्रं अडकलं तेव्हा थांबवून काढलं, पुन्हा सुरू केलं. तिच्या हाताला उपकरणांची सवय होती, तिला ते जड नव्हतं. मग उजेडाचा काटा थोडा हलला आणि चांगली संत्रीही फोपशांच्या खोक्यात पडायला लागली. तिनं हात पुढे केला, तेवढ्यात प्रेमानंदनं तो बाजूला सारला. “सरक, सरक, मी करतो, तू बिघडवशीन.”

दोन-चार हमाल पाहत होते. रुपरावजी पाहत होते. प्रेमानंदला आपण काय केलं ते कळलं. तो मागे झाला आणि म्हणाला, “कर. तूच कर.” सोनिकानं काटा जागेवर आणला. पण घरी येताना रिक्षात तिनं मला दोघांच्या मधे बसवलं.

त्याच आठवड्यात कारखान्यातून एक बातमी आली. नवा विभाग सुरू होणार होता आणि तिथल्या लॅबची इन-चार्ज म्हणून वरिष्ठांनी सोनिकाचं नाव सुचवलं होतं. तिनं हे सांगितलं तेव्हा मी तिच्या घरीच होते. प्रेमानंद उत्तरांच्या पानांवर खुणा करत होता. मान वर न करता म्हणाला, “आता काय करायचं त्याचं? आपण तर चाललो.” ती म्हणाली, “हो, खरं हाये,” आणि कुकर लावायला उठली.

मुलाखत दुपारी होती, तिकडच्या सकाळी. मित्राला कळमेश्वरला आजीकडे धाडलं होतं. प्रेमानंदनं दारावरची बेल काढून ठेवली, इन्व्हर्टर तपासला, शेजारच्या सत्यवतीला मंडपाचे बांबू आज उतरवू नका म्हणून विनवून आला. मशीन आदल्या दिवशी टेम्पोतून घरी आणलं होतं. टेबलावर लॅपटॉप, समोर सोनिका, तिच्या अंगावर लॅबमधल्या कार्यक्रमाला नेसते ती निळी साडी. मी कोपऱ्यातल्या दिवाणावर, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी. सोनिकानंच मला थांबवून घेतलं होतं. आणि प्रेमानंद लॅपटॉपच्या मागे जमिनीवर मांडी घालून, हातात मोठ्या अक्षरांत उत्तरं लिहिलेले पुठ्ठे. ती अडली की पुठ्ठा वर धरायचा. मला ते दृश्य बघवेना. इतका शिकलेला माणूस, स्वतःच्याच मशीनच्या मुलाखतीत टेबलामागे लपून बसलेला.

पडद्यावर दोघं जण आले. एक पिकल्या केसांची बाई, मरायके नावाची, आणि एक तरुण. बोलणं इंग्रजीत. सुरुवात चांगली झाली. सोनिकाचा आवाज आधी कापला, मग स्थिरावला. बाजार कसा चालतो, संत्रं किती दिवस टिकतं, तिनं सगळं सांगितलं. पुठ्ठे वर येत होते, खाली जात होते. मशीन चालवून दाखवलं, एकही संत्रं चुकलं नाही. प्रेमानंदनं जमिनीवरून मला अंगठा दाखवला. त्याच्या कपाळावरून घाम निथळत होता, डिसेंबरात.

मग तो तरुण मुलगा सहज म्हणाला, “तुम्ही एकट्याच आहात का खोलीत?”

या प्रश्नाचा पुठ्ठा नव्हता. प्रेमानंदनं जोरात मान हलवली. हो म्हण, हो म्हण. सोनिका त्याच्याकडे बघत होती, आणि ती कुठे बघते आहे हे पडद्यावरच्यांना दिसतच होतं.

“नाही,” सोनिका म्हणाली. “माझ्या शिक्षिका आहेत. आणि माझे पती आहेत.”

प्रेमानंदच्या हातातला पुठ्ठा गळून पडला. त्याचा आवाज झाला. मरायकेबाई म्हणाल्या, “मग त्यांना नमस्कार तरी करू द्या आम्हाला.” प्रेमानंद उठला. गुडघे आखडले होते, टेबल धरून उभा राहिला, शर्ट आत खोचला आणि कॅमेऱ्यासमोर येऊन हसला. तसं हसू देवानं कोणावर आणू नये. ती बाई त्याच्याशी चांगलं बोलली आणि चांगल्याच आवाजात म्हणाली, “आता थोडा वेळ आम्ही फक्त संस्थापकांशी बोलू, चालेल?”

तो व्हरांड्यात गेला. मी उठायला लागले, तर सोनिकानं “माझ्या शिक्षिका राहू शकतात का?” असं विचारून घेतलं. दार लागलं. खिडकीच्या जाळीतून प्रेमानंदची पाठ दिसत होती.

“हे यंत्र तुम्ही बनवलं का?” मरायकेबाईंनी विचारलं.

मी मनात म्हटलं, संपलं.

“माझ्या पतीनं बनवलं,” सोनिका म्हणाली. तिचं इंग्रजी तुटक होतं, पण त्यात आता पाढे नव्हते. “कंपनी माझ्या नावावर आहे, कारण इथे स्त्रीच्या नावावर सबसिडी जास्त मिळते. इथे सगळे असंच करतात. मी लॅबमध्ये नोकरी करते. घर त्या पगारावर चालतं. यंत्राचं सगळं डोकं त्यांचं आहे.”

पडद्यावरची दोघं एकमेकांशी त्यांच्या भाषेत बोलली. खिडकीत प्रेमानंदची पाठ हलली. त्याला सगळं ऐकू जात होतं. एजंटनं सांगितलेला तो शेरा, ती बंद होणारी दारं, सगळं माझ्या डोळ्यासमोर आलं. मला सोनिकाचा संताप आला होता, खोटं कशाला बोलू? एवढे दिवस घसा फोडला तो यासाठी?

“हे सांगितलंत ते बरं केलंत,” मरायकेबाई म्हणाल्या. “यंत्र नवऱ्यानं बनवलं, घर तुम्ही चालवलं, कंपनी दोघांची आहे असं आम्ही समजू शकतो. त्याची आम्हाला अडचण नाही. पण परवानगी ज्याच्या नावावर असेल त्याला इथे रोज उठून हे काम करावं लागेल. म्हणून एकच विचारते. तुम्हाला स्वतःला यायचं आहे का?”

साधा प्रश्न. रिक्षावालाही विचारतो, ताई, यायचं आहे का. सोनिका टेबलाकडे बघत राहिली. बाहेर कोणीतरी भंगारवाला ओरडत गेला, आणि त्याचा आवाज गल्लीच्या टोकाला जाऊन विरला तरी तिचं उत्तर आलं नव्हतं.

“मला हे कोणी विचारलं नव्हतं,” ती शेवटी म्हणाली. “मला विचार करायला वेळ द्या.”

“शुक्रवारपर्यंत घ्या,” बाई म्हणाल्या.

लॅपटॉप मिटल्याबरोबर प्रेमानंद आत आला. मी त्याला वर्षानुवर्षं ओळखते. तो ओरडणारा नाही. त्या दिवशी ओरडला. “हो म्हणायले काय लागते वं? एक शब्द! त्यांनी सगळं माफ केलं, मशीन माह्यं हाये तेही चाललं त्याईले, अन् तू वेळ मागून राहिली? काहून?”

“मले माहीत नव्हतं म्हणून,” सोनिका म्हणाली.

“काय माहीत नव्हतं?”

“यायचं हाये का नाही ते.”

तो मशीनशेजारी बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी माझी चप्पल घातली आणि निघाले. कोणाची बाजू घ्यावी ते मला कळत नव्हतं, आणि असं माझं फार कमी वेळा होतं.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. सोनिका दुसऱ्या दिवशी नेहमीच्या बसनं कामावर गेली. मित्रा परत आली आणि घरात काहीतरी झालंय हे ओळखून माझ्याकडेच अभ्यासाला बसू लागली. गल्लीत तर सगळ्यांना पत्ता लागला होता. अंजनाबाई म्हणाल्या, “एवढं हॉलंड चालून आलं अन् ही बया नखरे करून राहिली.” मी त्यांना म्हटलं, तुमची चक्की बघा. शुक्रवार जवळ येत होता आणि उत्तर जात नव्हतं.

गुरुवारी प्रेमानंद माझ्याकडे आला. दाढी वाढलेली. “मॅडम, तुम्ही समजवा तिले. तुमचं ऐकते ते.”

“तू विचारलंस का तिला?”

“काय विचारायचं? हे सगळं तिच्यासाठीच तर करून राहिलो नं! तिच्यासाठी, मित्रासाठी. माह्यं काय हाये त्याच्यात?”

मग मात्र माझं डोकं फिरलं. “प्रेमानंद,” मी म्हटलं, “एक परकी बाई, जिचं तिच्याशी काही नातं नाही, पहिल्या भेटीत तो प्रश्न विचारते. तू लग्नाचा नवरा, तुला चार वर्षांत सुचला नाही. वर मलाच पाठवतोस? मी काय तुझी दलाल आहे? स्वतः जा आणि विचार. आणि उत्तर ऐकायची छाती नसेल तर नको विचारू.”

तो वळला आणि गेला. मला वाटलं, जरा जास्तच झालं. पण परत बोलवायला गेले नाही.

शुक्रवारी सकाळी मी दूध घ्यायला चौकात गेले होते. सोनिका बसची वाट बघत उभी होती. थंडी होती, तिनं डोक्याला स्कार्फ गुंडाळला होता. प्रेमानंद घरातल्याच चपलेत, स्वेटर न घालता, तिच्या मागून आला. त्यानं मला पाहिलं, पण आता त्याला कोणाचं काही नव्हतं.

“सोनिका,” तो म्हणाला, “तुले यायचं हाये का?”

तिनं त्याच्याकडे पाहिलं. रागानं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मला दुधाच्या केंद्रावरून दिसलं.

“नाही,” ती म्हणाली. “मले इथं राहायचं हाये. ते नवी लॅब मले पाहिजे. माह्या बाबांनी तिथं भांडी घासली, मले तिथं माह्या नावाची खुर्ची पाहिजे. तुमाले सांगायची हिंमत नव्हती.”

प्रेमानंदनं मान खाली घातली. कंपनीची बस वळणावर दिसली.

“अन् तुमाले?” तिनं विचारलं. “तुमाले जायचं हाये का?”

“मी तं मित्रासाठी...”

“मित्राले मधात नका आणू. तुमाले?”

बस येऊन थांबली. दार उघडलं. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. सोनिका चढली नाही.

“हो,” प्रेमानंद म्हणाला. “मले जायचं हाये. लय जायचं हाये. पण तुमच्याशिवाय एकटा कसा जाऊ?”

“एकटेच चालले होते तुम्ही,” सोनिका म्हणाली. “आम्ही नुसत्या सामानात होतो.”

ती बसमध्ये चढली. बस गेली. प्रेमानंद तिथेच उभा राहिला, लोक त्याला वळसा घालून जात राहिले. मी त्याला हाक मारली नाही. काही वाक्यं माणसानं एकट्यानंच पचवायची असतात.

सोनिकानं त्या दुपारी कारखान्यातूनच मेल केला. कंपनी पतीच्या नावावर करते, त्यांना यायचं आहे, मला नाही. त्या लोकांनी कोणताही शेरा मारला नाही, फक्त सगळं नव्यानं करायला लावलं. अर्ज नवा, मुलाखत नवी, आणि यावेळी प्रेमानंद टेबलासमोर खुर्चीवर बसला. पुठ्ठे नव्हते. दोघांनीही त्यात लोकांची बरीच बोलणी खाल्ली. नवरा बायकोला टाकून चालला, असं काहींनी म्हटलं; बायकोनं नवऱ्याला टाकलं, असं उरलेल्यांनी. सोनिकाच्या आईनं तर महिनाभर अबोला धरला. रात्रंदिवस धाकधूक होती ती आता वेगळी होती: परवानगी मिळेल का, ही नव्हे, मिळाली तर या दोघांचं काय होईल, ही.

परवानगी मिळाली. तो एप्रिलमध्ये गेला. विमानतळावर मीही गेले होते, मित्राचा हात धरायला कोणीतरी हवं म्हणून. प्रेमानंदनं मित्राला उराशी धरलं आणि सोडेचना. शेवटी मीच तिला ओढून घेतलं. मग तो सोनिकासमोर उभा राहिला. दोघांनाही हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.

“येशीन का वं?” त्यानं विचारलं. “नंतर?”

“वर्षभरानं विचारा,” सोनिका म्हणाली. “विचारायचं मात्र तुम्हीच.”

तो आत गेला. काचेपलीकडे त्याची निळी बॅग दिसेनाशी होईपर्यंत ती ताठ उभी होती. मग माझा दंड धरून ती भर गर्दीत हमसून रडली, आणि मी तिला गप्प केलं नाही.